खरा विजेता कोण?

क्रीडांगणावर जो शेवटी जिंकतो तोच श्रेष्ठ, अशी आपली एक रूढ समजूत आहे. परीक्षेत जो पहिला तोच बुद्धिमान, या समजुतीची ती धाकटी बहीणच म्हणावयास हरकत नाही. या समजुती किती अपुऱ्या आहेत हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीची व्यवस्था अवश्य अभ्यासावी.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मैदान उभे राहते आणि ध्यानचंदांचे स्मरण होते. अमेरिकेत मात्र हा शब्द बर्फावरील खेळाला लावतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूस सहा गडी आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, असे या खेळाचे स्वरूप आहे.

तेथे पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत साठाहून अधिक महाविद्यालये खेळतात. त्यांची सहा मंडळे असून त्यांना तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मार्चच्या आरंभापर्यंत चालतो. बहुतेक सामने शुक्रवारी व शनिवारी होतात आणि पुष्कळदा एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन रात्री गाठ पडते. काल ज्याने हरविले त्याला आज पुन्हा सामोरे जावयाचे, ही शिकवण या वेळापत्रकातच गोविलेली आहे. अशा रीतीने प्रत्येक संघाच्या वाट्याला चौतीसच्या आसपास सामने येतात. मंडळातील सामन्यांच्या गुणांवरून क्रमवारी लागते आणि जो अग्रस्थानी राहतो त्याला हंगामाचा विजेता म्हणून चषक मिळतो.

परंतु एवढ्याने हंगाम संपत नाही. यानंतर मंडळाची बाद फेरी सुरू होते. हंगामात वरचे स्थान मिळविणाऱ्या संघाला आरंभीच्या फेऱ्या स्वतःच्या गावी खेळावयास मिळतात. काही फेऱ्यांत तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात, तर काहींत एकाच सामन्यावर निकाल लागतो. नेहमीच्या सामन्यांत बरोबरी झाल्यास पाच मिनिटांचा जादा खेळ होतो. बाद फेरीत मात्र पहिला गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे भाग खेळत राहावयाचे. 2015 साली मॅसॅच्युसेट्स आणि नोत्र दाम यांच्यातील सामना पाचव्या जादा भागात संपला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

सहा मंडळांच्या बाद फेऱ्यांतील सहा विजेते राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश करतात. उरलेल्या दहा जागा संपूर्ण हंगामाच्या कामगिरीवरून भरतात. येथे कोणाच्या मर्जीला फारसा वाव नसतो, कारण ही निवड गणिताने होते. किती सामने जिंकले एवढेच न पाहता, कोणाविरुद्ध जिंकले आणि ते स्वगृही की परगावी, हेही त्या गणितात धरतात. दुबळ्यांना हरवून फुगविलेल्या संख्येची किंमत तेथे कमी होते. पुढे सोळा संघांचे चार गट होऊन चार शहरांत सामने होतात आणि एक हार म्हणजे परतीचा प्रवास. उरलेले चार संघ एप्रिलमध्ये एका शहरी जमतात. या अंतिम मेळाव्याला फ्रोझन फोर म्हणतात. 1948 साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा चारच संघ होते आणि मिशिगनने ती जिंकली. सोळा संघांची व्यवस्था 2003 पासूनची आहे.

आता 2013 सालची हकीकत पाहा. पूर्वेकडील ईसीएसी या मंडळात क्विनिपियाक विद्यापीठाने हंगामाचा चषक जिंकला. त्याच मंडळाची बाद फेरी मात्र युनियन या लहानशा महाविद्यालयाने जिंकली. तिसरा संघ येल विद्यापीठाचा. त्याने त्या बाद फेरीच्या शेवटच्या दोन दिवसांत दोन्ही सामने गमावले आणि त्यांत एकही गोल केला नाही. दुसऱ्या एका मंडळातील निकाल अनुकूल लागला, म्हणून राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलेल्या संघांत त्याला अगदी शेवटची जागा मिळाली. अशा या येलने मिनेसोटा, नॉर्थ डकोटा आणि लोवेल या बलाढ्य संघांना एकामागून एक हरविले. पिट्सबर्ग येथील अंतिम सामन्यात त्याच्यासमोर क्विनिपियाकच उभे राहिले. त्या हंगामात क्विनिपियाकने येलला तीनदा हरविले होते. चौथ्या वेळी येलने चार विरुद्ध शून्य अशी बाजी मारली आणि राष्ट्रीय अजिंक्यपद प्रथमच मिळविले.

एकच मंडळ, एकच वर्ष आणि विजेते तीन! यांपैकी खरा विजेता कोणता? माझे मत असे की तिघेही खरे, कारण तिघांनी निरनिराळे गुण सिद्ध केले. दीर्घ हंगाम सातत्याची परीक्षा घेतो आणि बाद फेरी ऐन प्रसंगीच्या धैर्याची. पहिल्या परीक्षेत दैवाचा वाटा कमी असतो, दुसऱ्या परीक्षेत तो पुष्कळ असतो. नुसता हंगाम ठेवला तर दुबळ्याची आशा जानेवारीतच मावळेल, आणि नुसती बाद फेरी ठेवली तर पाच महिन्यांचे कष्ट एका घसरलेल्या पात्यावर अवलंबून राहतील. दोहोंना स्वतंत्र स्थान आणि स्वतंत्र चषक दिला, यातच या व्यवस्थेचे शहाणपण आहे.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन परदेशाचे कौतुक हे नव्हे. आपल्या शालेय सामन्यांकडे पाहा. तालुका, जिल्हा, राज्य अशी पायरी असते आणि प्रत्येक पायरीवर बहुधा बाद पद्धतीच असते. सोळा शाळा उतरल्या की त्यांतील आठ शाळांचा खेळ पहिल्याच सामन्यात संपतो. पावसाळाभर सराव केलेला मुलगा सकाळी मैदानावर जातो आणि दुपारच्या बसने परत येतो. त्याला हरण्याचे दुःख होते हे योग्यच आहे. परंतु हरल्यानंतर काय सुधारावयाचे हे मैदानावर दाखविण्याची संधीच त्याला मिळत नाही, हा अन्याय आहे. येलला चौथा सामना मिळाला म्हणून त्याचे सामर्थ्य जगाला दिसले. आमच्या मुलांना दुसराही सामना मिळत नाही.

कोणी म्हणतील, अमेरिकेजवळ द्रव्य आहे, आमच्याजवळ ते कोठे? आक्षेप रास्त आहे. बर्फाची सभागृहे आपणांस नकोत आणि चौतीस सामनेही नकोत. शेजारच्या पाच शाळांनी एकत्र येऊन प्रत्येकीशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळावे. एकूण वीस सामने होतील आणि प्रत्येक शाळेला आठ मिळतील. शनिवारची दुपार त्यांना पुरेल. गुणांचा तक्ता विद्यार्थ्यांनीच ठेवावा, म्हणजे गणिताचाही सराव होईल. शेवटी पहिल्या चार शाळांची बाद फेरी घ्यावी आणि दोन बक्षिसे द्यावीत, एक हंगामाचे व एक बाद फेरीचे. यांत अभ्यासाचा वेळ बुडेल अशी भीती पालकांना वाटेल. आठवड्यातील एका दुपारीने बुडणारा अभ्यास मुळातच फार खोल नसतो, एवढेच त्यांना नम्रपणे सांगावे.

विद्यार्थिमित्रांनो, हाच न्याय तुमच्या वर्षाला लावा. वार्षिक परीक्षा ही तुमची बाद फेरी आहे. ती तीन तासांत संपते आणि तीत दैवही डोकावते. पण जून ते मार्च तुम्ही जे रोज करता, तो तुमचा हंगाम आहे. त्याची गुणपत्रिका कोणी छापत नाही, म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. आणि ज्याचा हंगाम चांगला गेला त्याने एका अपयशाने खचून जाण्याचे कारण नाही. क्विनिपियाकही खचले नाही. पुढे 2023 साली ते राष्ट्रीय विजेते झाले.