हजेरीपटाबाहेरचे आजारपण

पिंपरी-चिंचवडच्या कामगारांचे आरोग्य जाणून घ्यायचे म्हटले की अभ्यासक बहुधा कामगार राज्य विमा योजनेचे दप्तर उघडतात. दप्तर खोटे नसते. परंतु त्यात जो टिकला तोच नीट दिसतो. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर टाकली, हे खरे. मात्र आजारपणाचा भत्ता मिळण्यास सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कंत्राट दोन-अडीच महिन्यांत तुटले की त्याचे आजारपण हिशेबातून गळालेच!

चाकणच्या पट्ट्यात हा गुंता अधिक बिकट आहे. खोली महाळुंग्यास वा निघोज्यास, म्हणजे जिल्हा परिषदेच्या हद्दीत. उपचारासाठी धाव पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयाकडे, जे महापालिकेचे. आणि दुखणे लांबले की मुक्काम थेट मराठवाड्यातल्या गावी. माणूस एक, दप्तरे तीन, आणि एकाही दप्तरात तो पुरता नाही. गावी नेलेल्या त्या दुखण्यापुढे कारखान्याचे नाव कोण लिहिणार?

पाहणी खोलीपासूनच सुरू झाली पाहिजे. ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालासाठी डॉ. अभय बंग व सहकारी संस्थांनी वस्त्यावस्त्यांतून बालमृत्यू मोजले, तेव्हा सरकारी आकडा किती तोकडा होता ते उघड झाले आणि शासनाला मूल्यमापन समिती नेमणे भाग पडले. त्यासाठी महागडी यंत्रे लागली नव्हती. येथेही दर सहामाहीस त्याच खोल्या गाठाव्यात. कोण गावी परतला व का, हे शेजाऱ्यांना विचारावे. रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपलेला असतो, तेव्हा वेळ प्रश्नावलीवाल्याने बदलावी. कारखान्याच्या फाटकावर परवानगीसाठी तिष्ठण्याचे त्याला कारण नाही.