‘होय’ कोण म्हणाले?

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी उघड विरोध केला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतील विरोधकांनी सभात्याग केला आणि तेथेही विधेयक संमत झाले. विधानसभेत ‘होय’ कोण म्हणाले, गप्प कोण बसले, त्या घटकेला उपाहारगृहात कोण होते, हे मात्र मतदारांना कधीच कळणार नाही. आवाजी मतदानात नावनिशीवार नोंद होत नसते. आमची तक्रार नेमकी हीच आहे.

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या पुंडलिकनगरात हा विषय काढला की ठरलेले उत्तर मिळते, “ते नक्षलवाद्यांसाठी आहे, आपल्याला त्याचे काय?” सरकारचाही खुलासा हाच. गडचिरोलीत हिंसेने ज्यांची घरे उजाड झाली, त्यांचे दुःख आम्ही हलके लेखत नाही. परंतु वाचकहो, कायदा हेतूने चालत नाही, शब्दांनी चालतो. संयुक्त समितीने कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख घातला खरा, पण त्यांच्यासारख्या इतर संघटनाही त्यातच राहिल्या. ‘सारख्या’ म्हणजे कोणत्या? ते सरकार ठरवील. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्द येतात. प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेस उत्तेजन देणे, तसा उपदेश करणे हेही येते. उपदेश! दर रविवारी देवळात उपदेश ऐकणाऱ्या कुटुंबांनी तरी या शब्दापाशी थांबावे. मिठाचा सत्याग्रह या व्याख्येतून कसा सुटला असता, हे कोणी आम्हांस समजावून द्यावे. बंदी घातलेल्या संघटनेचा सभासद नसलेल्या, पण तिला वर्गणी दिलेल्या माणसालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ही भीती काल्पनिक नव्हे. छत्तीसगडने याच नावाचा कायदा २००५ साली केला. गोरगरिबांत आरोग्याचे काम करणारे डॉ. बिनायक सेन यांना २००७ मध्ये त्याखाली अटक झाली. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन २००९ मध्ये मिळाला.

आता कोणी म्हणेल, सामान्य माणसाला वेळीच कळते कुठे? या विधेयकाच्या बाबतीत ती सबब चालणार नाही. ते प्रथम जुलै २०२४ मध्ये आले, निवडणुकीनंतर डिसेंबरात पुन्हा मांडले गेले, चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे गेले. समितीने सूचना मागविल्या. बारा हजारांहून अधिक आल्या. लोक जागे होते. समितीत विरोधी पक्षांचेही सदस्य होते. एवढे होऊनही शेवटच्या घटकेला नावांची नोंद होईल असे मतदान झाले नाही. सदस्यांना मतविभाजन मागता येते. ते मागितले की प्रत्येकाचे मत कागदावर उतरते, आणि कदाचित म्हणूनच ते मागण्याची कोणाला फारशी घाई नसते.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपल्या आमदारांना एक पत्र लिहावे, असे आम्ही सुचवितो. सोबत निवेदन नको, सह्यांची मोहीम नको. दोनच प्रश्न विचारावेत: १० जुलै २०२५ रोजी आपण सभागृहात होता काय? आणि असल्यास, ‘होय’ म्हणालात की ‘नाही’?