सहकारी वायनरी : आधीं करार, मग इमारत

द्राक्षाचा भाव पडला म्हणजे आमच्या निफाड तालुक्यांत एक विचार हटकून डोकें वर काढतो. व्यापाऱ्याच्या दारीं ताटकळत उभें राहण्यापेक्षां आपण बागाईतदारांनींच एकत्र येऊन सहकारी वायनरी कां काढूं नये? विचार चांगला आहे व मी त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु अशा बैठकींत पहिला प्रश्न जागेचा निघतो, दुसरा कर्जाचा व तिसरा यंत्रांचा. माल कोण व कोणत्या अटींवर देणार, आणि तयार झालेली वाईन कोण घेणार, हे प्रश्न चहा होऊन मंडळी उठूं लागली म्हणजे निघतात. हा क्रम उलटा आहे, व त्याचा भुर्दंड अखेर जमिनीवर पडतो, इतकेंच मला येथें सांगावयाचें आहे.

मी शेतीशास्त्रज्ञ नव्हे. मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत कारकुनी केली व आतां निवृत्त होऊन वडिलार्जित बाग पाहतों. तथापि सात-बारा उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा चढतांना व क्वचित् उतरतांना मीं पुष्कळ वेळां पाहिला आहे. त्या अनुभवावरून दोन शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

राज्य सरकारनें २००१ सालीं द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. राज्यांतील द्राक्षांपासून केलेल्या वाईनला उत्पादन शुल्कांत सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यांत विंचूर येथें व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाईन पार्क स्थापन झाले. अनेक बागाईतदारांनीं भाऊबंद व सोयरे जमवून, कर्ज काढून लहान वायनऱ्या घातल्या. पुढें २००८ सालीं जगांत मंदी आली, व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलांतील परदेशी पाहुणे घटले आणि वाईनची मागणी खालीं आली. टाक्या भरलेल्या, परंतु गिऱ्हाईक नाहीं, अशी पुष्कळांची स्थिति झाली. त्या दिवसांत एक ओळखीचे बागाईतदार उतारा घेण्यास कचेरींत आले. बोज्याची नोंद वाचून झाल्यावर कागद घडी करीत ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, वाईन बिघडली नव्हती हो. घेणाराच नव्हता." हें वाक्य मी विसरलों नाहीं.

दुसरी एक गैरसमजूत आपल्या मंडळींत फार खोल रुजलेली आहे. अवकाळी पावसानें मणी तडकले, निर्यातींत माल नाकारला गेला, कीं तो वायनरींत घालावा, असें पुष्कळांस वाटतें. वायनरी म्हणजे उकिरडा नव्हे. कुजक्या द्राक्षांची वाईन चांगली होत नाहीं. शिवाय थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश या खाण्याच्या जाती होत. चांगल्या वाईनसाठीं शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों अशा जाती लावाव्या लागतात. त्यांचे मणी बारीक, सालीचे व बियांचे असतात, आणि गोडी हवी तर एकरीं उत्पन्न आवरतें घ्यावें लागतें. असा माल बाजारांत खाण्यासाठीं कोणी घेत नाहीं. म्हणजे ज्यानें हा वेल लावला, त्यानें आपलें पुढील दहा-पंधरा वर्षांचें नशीब वायनरीच्या दाराशीं बांधलें. म्हणूनच करार आधीं हवा, व तो दोन्ही बाजूंस बांधणारा हवा.

त्या करारांत काय असावें? प्रत्येक सभासदाचें क्षेत्र व जात गटनंबरासह लिहावी. तोडणीचा दिवस संस्थेनें ठरवावा. माल पहाटेच्या गारव्यांत तोडून त्याच दिवशीं पोंचवावा. वजन व साखरेचें प्रमाण सभासदाच्या डोळ्यांदेखत मोजावें, आणि भाव त्या प्रमाणावर व मालाच्या निरोगीपणावर ठरावा. नासका माल अध्यक्षांचा असला तरी परत जावा. बाहेर भाव चढला म्हणून माल दुसरीकडे घालणाऱ्यास दंड असावा. तसाच बाहेर भाव पडला म्हणून संस्थेनेंही हात वर करूं नयेत. पैसा हप्त्यांनीं मिळेल, हें प्रथमच उघड सांगावें. तांबडी वाईन वर्ष-वर्ष तळघरांत राहते. तोंवर सभासदाच्या घरचा खर्च थांबत नाहीं. तेव्हां पहिला हप्ता देण्यापुरतें खेळतें भांडवल हातीं नसतां गाळप सुरू करणें म्हणजे सभासदांस सावकाराकडे धाडणें होय.

हा क्रम मीं मनानें रचलेला नाहीं. दक्षिण फ्रान्समध्यें बेझिए शहराजवळ मारोसां नांवाचें गांव आहे. तेथील लहान बागाईतदारांनीं १९०१ सालीं सहकारी संस्था काढली. आरंभीं त्यांनीं एकत्र विक्री केली, व पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्था हें आपलें गिऱ्हाईक बांधलें. सामाईक तळघराची इमारत त्यांनीं १९०५ सालीं उभारली. प्रथम गिऱ्हाईक, मागाहून भिंती. दोनच वर्षांनीं, १९०७ सालीं, त्या प्रांतांत वाईनचे भाव इतके कोसळले होते कीं शेतकरी लाखांनीं रस्त्यावर आले. अशा काळीं ठरलेलें गिऱ्हाईक असणें म्हणजे काय, तें वाचकांनींच ताडावें.

सहकार आपणांस परका नाहीं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला, त्यास पाऊण शतक लोटलें. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमानें एक सभासद, एक मत हें तत्त्व दिलें. परंतु साखर व वाईन यांत भेद आहे. साखरेचें पोतें कोणीही घेतो. वाईनच्या बाटलीस नांव कमवावें लागतें, आणि तें निवडणुकीच्या गुलालानें मिळत नाहीं. रसायनज्ञ व विक्रेता यांच्या नेमणुकींत संचालकांचे मेहुणे-भाचे येऊं नयेत, एवढा नियम पाळला तरी अर्धें काम झालें.

कित्येक वारकरी बांधव विचारतील, हें मद्यच कीं नाहीं? आहे. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाईन विकण्यास मंत्रिमंडळानें मान्यता दिली, तेव्हां केवढा गदारोळ उठला हें आपण पाहिलें. मी स्वतः घेत नाहीं, व वाईन म्हणजे निव्वळ फळांचा रस अशी मखलाशीही करणार नाहीं. ज्यास हा धंदा पटत नसेल त्यानें भाग घेऊं नये. बेदाण्याचा मार्ग त्यास मोकळा आहे. भागासाठीं त्याच्यावर भावकीचें दडपण मात्र कोणीं आणूं नये.

सारांश, उत्साही मंडळींनीं प्रथम दोन हंगाम इमारतीचें नांव काढूं नये. करार लिहावे, थोडा माल चालू वायनरींत भाड्यानें गाळून घ्यावा, ती वाईन विकून पाहावी व हिशेब सर्वांपुढें वाचावा. विकली, तर बँक आपल्या पायांनीं चालत येईल. न विकली, तर दोन हंगामांचें नुकसान होईल खरें. परंतु सात-बाऱ्याचा तो रकाना कोरा राहील, आणि मुलांच्या हातीं जमीन मोकळी जाईल.