चूकभूल : वगळलेली की स्वीकारलेली?

आपल्या पेढीचे बिलबुक उघडून कोणत्याही पानाच्या तळाशी पाहावे. बहुधा तेथे बारीक टाइपात ‘ई. अँड ओ. ई.’ ही अक्षरे आढळतील. वडिलांच्या बिलबुकात होती म्हणून ती आपल्याही बिलबुकात आली; त्यांचा अर्थ मात्र क्वचितच कोणी विचारतो. परिचयातील एका तरुण व्यापाऱ्याने नवी बिलबुके करताना ही अक्षरे पूर्ण शब्दांत छापावयास दिली. छापून आले ‘एरर्स अँड ओमिशन्स अ‍ॅक्सेप्टेड’. चूक ध्यानात आली तेव्हा सगळी पाने छापून झाली होती.

चूक एका शब्दाची, पण अर्थ उलटा. मूळ शब्द आहे ‘एक्सेप्टेड’; त्याचे स्पेलिंग ‘ई-एक्स’ने सुरू होते आणि त्याचा अर्थ ‘वगळून’ असा आहे. हिशेबातील चुका व नजरचुकीने राहून गेलेल्या बाबी वगळता हे बीजक बरोबर आहे, असे त्यातून सांगावयाचे असते. ‘ए-सी-सी’ने सुरू होणारा ‘अ‍ॅक्सेप्टेड’ म्हणजे ‘स्वीकारलेले’. तो छापला, की बीजकातील चुका आम्हांस मान्य आहेत, असे आपणच लिहून दिल्यासारखे होते! कोठे कोठे ‘एक्स्पेक्टेड’ही दिसतो, म्हणजे चुका अपेक्षितच आहेत.

या अक्षरांची मर्यादाही जाणून घ्यावी. ४५ रुपये दराने १२० मीटर कापडाचे ५,४०० रुपये होतात. लिहिताना ४,५०० झाले, तर ती चूक दुरुस्त करण्याचा हक्क आपण राखून ठेवला आहे, एवढेच ती सांगतात. जाणूनबुजून कमी दिलेल्या मापावर त्यांचे पांघरूण घालता येत नाही. शिवाय ही व्यापारी रूढी आहे; करविषयक दुरुस्ती तेवढ्याने होत नाही. २०१७च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे बीजकात मूल्य वा कर जास्त लागला असल्यास विक्रेत्याने क्रेडिट नोट द्यावयाची असते, कमी लागला असल्यास डेबिट नोट.

आपल्या जुन्या वह्यांत याच कामासाठी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहीत. गुजराती पेढ्यांत ‘भूलचूक लेवीदेवी’. या दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट उघड आहे, जी इंग्रजी शब्दांत स्पष्ट दिसत नाही. इंग्रजी प्रयोग लिहिणाऱ्याची जबाबदारी मर्यादित करतो. आपला प्रयोग देणे आणि घेणे दोन्ही बोलून दाखवतो. चूक आपल्या तोट्याची असेल तर मागून घेऊ, आणि आपल्या लाभाची असेल तर परत देऊ.

म्हणून इंग्रजीत छापावयाचे असेल, तर प्रूफ तपासताना ‘ई-एक्स’वर बोट ठेवून पाहावे, खात्री नसेल तर संक्षिप्त अक्षरेच पुरेशी आहेत. मराठीत छापावयाचे असेल, तर ‘चू. भू. द्या. घ्या.’ हे कोणत्याही गिऱ्हाइकाला कळते. आणि ज्या दिवशी आपल्या बेरजेच्या चुकीने गिऱ्हाइकाचे ९०० रुपये जास्त आलेले दिसतील, त्या दिवशी त्याने विचारण्याची वाट न पाहता आपणच निरोप धाडावा. पानाच्या तळाशी छापलेल्या शब्दांचा अर्थ गिऱ्हाइकाला तेव्हाच पटतो.