व्हीपीएन असला की समाजकंटक?

परवा आमच्याकडं शांतता समितीच्या बैठकीत एक पुढारी माईकवरून म्हणाले, "ज्याच्या मोबाइलात व्हीपीएन, तो समाजकंटकच." टाळ्या पडल्या. मी बातमी टिपत होतो. माझ्या मोबाइलात व्हीपीएन आहे.

व्हीएलसी प्लेअर माहीत आहे ना? लग्नाचा व्हिडिओ देताना फोटो स्टुडिओवाला कॉम्प्युटरात टाकून देतो तो. २०२२ मध्ये त्याची वेबसाइट भारतात कित्येक महिने बंद होती. चालवणाऱ्या संस्थेला ना नोटीस, ना कारण. वकिलाची नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात उघडली. डिसेंबर २०१४ मध्ये तर ३२ साइट बंद केल्या, त्यात प्रोग्रामर पोरांचं गिटहबही होतं. कलम ६९अ खालचे आदेश गोपनीय ठेवायचे, असा नियमच आहे. मग दाद मागायची तर कशाविरुद्ध?

बंद करतात कसं? पाकीट चिकटवलेलं असतं, पण साइटचं नाव बहुतेक वेळा बाहेर दिसतं. कंपनीची यंत्रणा ते वाचते आणि पाकीट अडवते. टॉरचं 'स्नोफ्लेक' इथंच चकवतं. जगभरातले स्वयंसेवक आपल्या ब्राउझरमधून वाट देतात, आणि बाहेरून ते व्हिडिओ कॉलसारखं दिसतं. २०२२ च्या आंदोलनात इराणी लोकांनी ते वापरलं. ते काय सगळे समाजकंटक होते?

२०२३ मध्ये मराठा आंदोलनात बीड-जालन्यात नेट बंद झालं. तेव्हा व्हीपीएनही कामाचा नव्हता. रस्ताच उखडला तर आडवाट कुठली? अशा वेळी 'ब्रायर' चालतं, जवळच्या दोन फोनांत ब्लूटूथवरून. पण त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रानं बंद केलेल्या १४ ॲपांत ब्रायर होतं! कारण दिलं काश्मीरमधल्या अतिरेक्यांचं.

गैरवापर होतो, मान्य. मोटारसायकलवरून सोनसाखळ्याही जातात, म्हणून शोरूमला टाळं लावत नाही आपण. या साधनांचा कोड उघडा आहे, हिशेबाची वही चावडीवर ठेवावी तसा. मला तो वाचता येत नाही, पण ज्याला येतो तो खोट काढू शकतो. (जाहिरातींचे फुकट व्हीपीएन मात्र टाकू नका बाबांनो, तिथं तुमचीच माहिती विकली जाऊ शकते.)

नेटबंदीचे आदेश प्रसिद्ध करा, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्येच सांगितलंय. पुढच्या बैठकीत त्या पुढाऱ्यांना विचारणार आहे, असा एक तरी आदेश तुम्ही वाचलाय का? काय म्हणतात ते इथंच टाकतो.