देणगी, शुल्क आणि कूटचलनाची खाण

पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चुडावा हे लहानसे स्थानक आहे. परभणी जिल्ह्याच्या या टोकाची माणसे शिक्षणासाठी, बाजारासाठी, दवाखान्यासाठी जातात ती बहुधा नांदेडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणी देशभर साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या, तेव्हा दिल्ली, पुणे, कोल्हापूर यांच्याबरोबर नांदेडचेही नाव पुढे आले. कूटचलनाच्या ‘खाणकामा’तून दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असे त्या योजनेचे आश्वासन होते. हे खाणकाम म्हणजे काय, ते कोणती आज्ञावली करते आणि ती आज्ञावली लिहिणाऱ्याचे पोट कशावर भरते, हे प्रश्न त्या वेळी फारसे विचारले गेले नाहीत. याच प्रश्नांवरून परदेशांत मात्र दीर्घकाळ वाद झडत आले आहेत. रकमेने ते किरकोळ आहेत, परंतु सामाईक कामाचा खर्च कोणी सोसावा हा त्यांतील मुद्दा किरकोळ नव्हे.

बिटकॉइनची वही कोणा एका बँकेपाशी नसते. नव्या नोंदींचे पान वहीला जोडण्यासाठी जगभरची यंत्रे एक आकडेमोडीचे कोडे सोडविण्याची शर्यत लावतात आणि जिंकणाऱ्यास नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये हे बक्षीस पानामागे पन्नास नाण्यांचे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आले आहे. यंत्र विकत मिळते, वीजही विकत मिळते. पण यंत्राला राबविणारी आज्ञावली प्रारंभीच्या काळात बहुतांशी हौशी मंडळींनी लिहून फुकट वाटली. ‘सीजीमायनर’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तिचे कर्ते कॉन कोलिव्हास हे व्यवसायाने ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञ. २०११ पासून त्यांनी ती विकसित केली आणि मूळ संहिता सर्वांना वाचण्यास, बदलण्यास, पुढे वाटण्यास खुली ठेवली. बदललेली प्रत वाटणाऱ्याने आपले बदलही खुले करावेत, एवढीच अट. पुढे खाणकामाची खास यंत्रे विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतील काहींनी हीच आज्ञावली यंत्रात घालून विकली, पण आपले बदल प्रसिद्ध केले नाहीत, अशा तक्रारी झाल्या. ज्याने लिहिले त्याच्या वाट्याला देणग्या, आणि ज्यांनी उचलले त्यांच्या वाट्याला नफा.

ऐच्छिक देणगीवर भागत नाही असे दिसल्यावर नवी युक्ती निघाली. मोनेरो या चलनासाठी वापरली जाणारी ‘एक्सएमआरिग’ ही आज्ञावली फुकट मिळते, पण दर शंभर मिनिटांपैकी एक मिनिट यंत्र आपल्या मालकासाठी न राबता आज्ञावलीच्या कर्त्यांसाठी राबते. पूर्वी हे प्रमाण पाच टक्के होते. वापरणाऱ्याला ते वाढविता येते. एक टक्क्याच्या खाली आणावयाचे तर मूळ संहितेत बदल करून आज्ञावली नव्याने सिद्ध करावी लागते. कर्त्यांनी हे लपविलेले नाही, तसे स्पष्ट लिहूनच ठेवले आहे. तरीही तक्रार आहेच: नाही म्हणण्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत असेल तर तिला देणगी का म्हणावे? उलट बाजूचे म्हणणे असे की, ज्याला एक टक्का जड वाटतो त्याने वर्षानुवर्षांच्या श्रमाची किंमत आपण काय धरली हे सांगावे. कहर म्हणजे काही जण ही आज्ञावली उचलतात, देणगीच्या जागी स्वतःचा पत्ता घालतात आणि ती आपली म्हणून वाटतात.

इथेरियमच्या खाणकामातील ‘क्लेमोर’ या आज्ञावलीची कथा याहून बोलकी आहे. तिचा कर्ता निनावी आणि मूळ संहिता बंद. दर तासाला छत्तीस सेकंद तो स्वतःसाठी राखून ठेवी आणि त्यास सरळ शुल्क म्हणे. शुल्क नको असेल तर तशी सोय होती, पण मग काही सुधारणा बंद होऊन वेग घटत असे. त्यावर काही हुशार लोकांनी ही छत्तीस सेकंदांची कमाई मध्येच आपल्या खात्याकडे वळविणारी साधने काढली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडून दिली आणि तिथला हा वाद विषयासकट संपला.

मराठवाड्यातील वाचकास यात अनोळखी असे काही नाही. शाळेची खोली असो की हरिनाम सप्ताह, गाव वर्गणी काढते. वर्गणी ऐच्छिक म्हणावयाची, पण न देणाऱ्याचे नाव चर्चेत येते. तेवढी सक्ती गाव चालवून घेते, कारण पावतीपुस्तक असते आणि शेवटी जमाखर्च मांडला जातो. सक्ती आणि हिशेब यांची ही जोडी तुटली की वर्गणीची खंडणी होते. या कसोटीला एक्सएमआरिगचा एक टक्का बराचसा उतरतो. त्याचे नाव देणगीऐवजी शुल्क असते तर अधिक प्रामाणिक ठरले असते, इतकेच. क्लेमोरचे शब्द प्रामाणिक होते, पण ते खरे की खोटे हे पाहण्यास संहिताच खुली नव्हती.

अर्थात संहिता खुली असल्याने तिजोरीही सुरक्षित राहते, असे नाही. मोनेरोच्या विकासकामांसाठी लोकवर्गणीचा एक निधी आहे. कामाचा प्रस्ताव जाहीर करावयाचा, वर्गणी जमवावयाची, टप्प्याटप्प्याने पैसे द्यावयाचे, अशी त्याची रीत. सप्टेंबर २०२३ मध्ये या निधीचे खाते कोणी तरी साफ रिकामे केले. सुमारे २,६७५ मोनेरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेचार लाख डॉलरच्या आसपास रक्कम गेली, आणि ही गोष्ट जाहीर झाली नोव्हेंबरमध्ये. खात्याची किल्ली दोघांपाशीच होती. हजारो डोळ्यांनी तपासलेल्या आज्ञावलीसाठी जमा झालेला पैसा दोन माणसांच्या भरवशावर होता!

पण येथे निदान काय गेले, किती गेले आणि किल्ली कोणाकडे होती, हे वर्गणीदारांस कळले. गेनबिटकॉइनच्या गुंतवणूकदारांस तेवढेही कळले नाही. त्या कंपनीचा स्वतःचा खाणसमूह काही काळ चालला होता. पण त्याची कमाई किती आणि नव्या सभासदांच्या नाण्यांतून जुन्यांना दिले जाते ते किती, याचा मेळ घालून पाहण्याची सोय कोणापाशीही नव्हती. २०१७ मध्ये परतफेड बिटकॉइनऐवजी कंपनीच्याच ‘एमकॅप’ नावाच्या नाण्यांत होऊ लागली. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाज यास अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे पोलिसांना आणखी दोघांना अटक करावी लागली. तपासात हाती आलेले कूटचलन परस्पर वळविल्याचा आरोप त्यांच्यावर होता, आणि हे दोघे पोलिसांनीच तांत्रिक मदतीसाठी बोलाविलेले तज्ज्ञ होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर २०२३ मध्ये सगळी प्रकरणे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली. नांदेडपर्यंत झडत्या पोहोचल्या त्या त्यानंतर चौदा महिन्यांनी.