शुभ सकाळची हजेरी

परवा माझी मुलगी माझा मोबाईल हातात घेऊन बसली होती. आमच्या रफीप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून पन्नास-साठ मेसेज पडले होते. ते वाचून ती म्हणाली, "अब्बा, यात गाणी किती आणि गप्पा किती?" मोजलं तर गाणी चार निघाली. बाकी सगळं कळंबच्या बाजारातला सोयाबीनचा भाव, उमरग्याकडे पाऊस झाला की नाही, कुणाचा गुडघा, कुणाच्या नातवाचा निकाल, आणि शुगर असलेल्या माणसाने धाराशिवचे गुलाबजाम किती खावेत यावर सात जणांची सात मतं.

"टाइमपास आहे नुसता," ती म्हणाली.

ग्रुपमधल्या काही मंडळींचंही हेच म्हणणं आहे. 'फक्त गाणी टाका, शुभ सकाळ बंद करा' अशी मागणी दर दोन-तीन महिन्यांनी होते. माझं मत नेमकं उलटं आहे. गाणी यूट्यूबवर हवी तेवढी आहेत. या ग्रुपमध्ये जपण्यासारखं काही असेल तर ते या गप्पाच आहेत.

मुळात चाहत्यांच्या गप्पा मोबाईलने आणलेल्या नाहीत. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं गावोगावी लोक तिच्याभोवती जमत राहिले. माझे वडील शिलाईकाम करायचे. दुकानात रेडिओ होता. पायजमा शिवायला आलेला माणूस गाणं संपेपर्यंत बसायचा आणि गाणं संपल्यावर विहिरीच्या पाण्याविषयी बोलायचा. गाणं हे बसण्याचं निमित्त असायचं.

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात जुना वाद 'ळ'चा आहे. रफीसाहेब पंजाबातल्या कोटला सुलतान सिंगचे. त्यांच्याकडून मराठी गाणी गाऊन घेतली श्रीकांत ठाकरे यांनी, त्यातली बरीच वंदना विटणकरांनी लिहिलेली. त्यात त्यांचा 'ळ' नीट लागलाय की नाही, यावर तुळजापूरचे एक निवृत्त गुरुजी आणि परंड्याचे एक आडतदार कित्येक वर्षं भांडतायत. एकदा मी मध्येच लिहिलं, "माझ्या दादीलाही 'ळ' कधी जमला नाही. आम्ही घरात दखनी बोलणारे. ती मरेपर्यंत शाळेला 'शाला' म्हणायची." त्यावर गुरुजींचं उत्तर आलं, "माझी आई 'साळा' म्हणायची. एक अक्षर तुमचं चुकलं, एक आमचं."

ही गोष्ट छोटी वाटेल. पण मराठी मुसलमान असलेल्या वाचकांना ती कळेल. बाहेर कुठे चार वाक्यं बोललो की कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, तरी ते टोचतं. जन्म इथला, शाळा इथली, मग मी दुसरं काय बोलणार होतो? ग्रुपवर माझं असं कौतुक कधी होत नाही. तिथे गुरुजी माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतात. मला त्यात जास्त मान वाटतो.

आता शुभ सकाळचं. लोहारा तालुक्यातले एक वयस्कर सदस्य घरी एकटेच असतात. मुलगा पुण्याला. रोज सहा वाजता त्यांचं फुलाचं चित्र येतं. गेल्या हिवाळ्यात दोन दिवस ते आलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातला आमचा एक मेंबर मोटारसायकल काढून त्यांच्या दारात गेला. ते तापाने अंथरुणाला खिळले होते. त्या फुलाच्या चित्राला टाइमपास म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की ती हजेरी आहे. मात्र ३० सप्टेंबरला त्यांचं फूल येत नाही, तेव्हा कुणी घाबरत नाही. १९९३ च्या भूकंपात त्यांच्या घरातली माणसं गेली. त्या दिवशी ग्रुपवर कुणीच गाणं टाकत नाही. असा नियम कुणी केलेला नाही.

जो नियम केला, त्याची कहाणी वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. ग्रुपवर दोन रात्री वाद झाला, दोघे बाहेर पडले. मग अ‍ॅडमिनने जाहीर केलं: धर्म नाही, राजकारण नाही. मीही अंगठा दाखवला. पुढच्या रमजान ईदला सकाळी मी लिहिलं, "ईद मुबारक. शीरखुर्म्याला या." पाच मिनिटांत एकाचं आलं, "नियम पाळा." मी मेसेज डिलीट केला. घरात पाहुणे होते, पण त्या दिवशी माझं लक्ष कशात लागलं नाही.

दुपारी तेरच्या एका वारकरी सदस्याने लिहिलं. गोरोबाकाकांच्या गावचा हा माणूस रोज 'राम कृष्ण हरी' म्हणून सुरुवात करतो. त्याने लिहिलं, "ईद धर्मात बसत असेल तर माझं रोजचंही काढून टाका." बस्स, एवढंच. त्यावर कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी अ‍ॅडमिनने स्वतः ईद मुबारक टाकलं. 'नियम पाळा' म्हणणाऱ्याने माफी वगैरे मागितली नाही. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, "तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात केलं ना, डॉक्टर कसे आहेत?" मी सांगितलं.

याला मी मोठं नाव देणार नाही. साठ माणसांच्या ग्रुपने द्वेष थांबत नाही. याच मोबाईलवर दुसऱ्या ग्रुपमधून विष येतं आणि आमच्यातलेच काही ते पुढे ढकलतात, हे मला माहीत आहे. पण तेरचा तो माणूस त्या दिवशी बोलला, ते आम्ही नऊ वर्षं गुडघ्यांविषयी आणि पावसाविषयी बोललो होतो म्हणून. सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते. तिथे मी एका समाजाचा प्रतिनिधी म्हणून बसतो. ग्रुपवर मी मोतीबिंदूवाला असतो. वेळेला दुसरी ओळख कामाला आली.

आपल्या तरुणांनाही हेच सांगणं आहे. जमातीचे, कब्रस्तानचे, शिष्यवृत्तीचे ग्रुप हवेतच. पण जिथे आपण कुणाचे प्रतिनिधी नसतो, अशी एखादी जागाही ठेवा. कुस्तीची असो, क्रिकेटची असो, नाहीतर रफीची.

३१ जुलै जवळ आलाय. १९८० साली याच दिवशी, रमजानच्या महिन्यात, रफीसाहेब गेले. त्यानिमित्ताने 'फक्त गाणी'चा प्रस्ताव पुन्हा मतदानाला येतोय. माझं मत विरोधात आहे.

आज सहा वाजता लोहाऱ्याहून फूल आलं. खाली लिहिलं होतं, "पाऊस नाही." मी लिहिलं, "इकडेही नाही."